नऊ मेघदूत, एक कृती : वाचनालयाचा कॅटलॉग नव्याने बांधतानाचं वर्ष

मागच्या वर्षी ६ जुलैला, आषाढाच्या पहिल्याच दिवशी, आमच्या वाचनालयात एक काका आले होते. निवृत्त शिक्षक, रामटेकहून सकाळच्या बसने आलेले, संध्याकाळी तिकडे कालिदास दिनाचा छोटासा कार्यक्रम होता आणि त्यांना मेघदूताचा मराठी अनुवाद पाहिजे होता, कुठलाही चालेल म्हणाले. मी कॉम्प्युटरवर ‘मेघदूत’ टाकलं, तीन नोंदी आल्या, तिन्ही पुस्तकं बाहेर गेलेली. ‘नाही हो काका, सगळी इश्यू झालीत’ असं सांगितलं आणि ते ‘बरं जी’ म्हणून छत्री उघडून परत गेले.

चार दिवसांनी शेल्फ लावताना ‘मेघदूतम्’ हातात आलं. मग ‘कालिदासाचे मेघदूत’. मग एक प्रत अनुवादकाच्या नावाखाली लागलेली. शोधत गेले तर आमच्याकडे मेघदूताची एकूण नऊ पुस्तकं निघाली, त्यातली सहा त्या दिवशी कपाटातच होती. माणूस रामटेकहून, म्हणजे ज्या डोंगराला लोक मेघदूतातला रामगिरी मानतात तिथून, आमच्याकडे मेघदूत मागायला आला आणि मी त्याला रिकाम्या हाताने पाठवलं, ही गोष्ट मला खूप लागली. पुढचं सगळं वर्ष त्यापायी गेलं. ज्या छोट्या ग्रंथालयांना असं काही करायचंय पण सुरुवात कुठून करावी कळत नाहीये त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय.

आधी आमची परिस्थिती सांगते. नागपुरातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, १८,४१२ नोंदी, कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. कोहा मोफत आहे, न्यूझीलंडमध्ये तयार झालं, आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. नोंदी सगळ्या मार्क फॉरमॅटमध्ये. मार्क हे १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्रम या बाईंनी उभं केलं, तालिकापत्रावरची, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या कार्डावरची, माहिती मशीनला वाचता यावी म्हणून. आणि तिथेच खरी अडचण आहे, कारण तालिकापत्र हे हातातल्या एका पुस्तकाचं वर्णन असतं. मार्कमध्येही तसेच क्रमांकाचे रकाने असतात, त्यांना फील्ड म्हणतात : १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, २६० मध्ये प्रकाशक, ३०० मध्ये पानं. हे पुस्तक आणि शेजारचं पुस्तक मुळात एकच काव्य आहे हे त्यात आपोआप कुठेच येत नाही, कुणीतरी बसून ते लिहावं लागतं आणि आमच्याकडे ते कुणी कधी लिहिलंच नव्हतं.

यावरचा विचार मात्र जुनाच आहे. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघ, म्हणजे इफ्ला, त्यांनी १९९८ मध्ये फर्बर नावाचं मॉडेल मांडलं आणि २०१७ मध्ये त्याचं सुधारलेलं रूप आलं, त्याला एलआरएम म्हणतात. त्यात चार पायऱ्या आहेत – वर्क, एक्स्प्रेशन, मॅनिफेस्टेशन, आयटम. मी एम.लिब.ला हे पाठ करून पेपर लिहिला होता पण खरं सांगते, समजलं ते आत्ता, नऊ पुस्तकं टेबलावर मांडल्यावर. कालिदासाने रचलेलं काव्य ही कृती, ती हातात धरता येत नाही. संस्कृत मूळ पाठ हे तिचं एक रूप, कुसुमाग्रजांचा मराठी अनुवाद दुसरं, चिंतामणराव देशमुखांचा तिसरा, शांता शेळके यांचा चौथा. त्यातला एखादा अनुवाद एखाद्या प्रकाशकाने एखाद्या वर्षी छापला ते मॅनिफेस्टेशन. आणि आमचा शिक्का मारलेली, पुस्तक आल्यावर नोंदवहीत मिळालेला दाखल क्रमांक असलेली, कोपऱ्यात वाळवीने खाल्लेली ती प्रत म्हणजे आयटम. काकांना पाहिजे होती कृती, चालणार होतं कुठलंही मराठी रूप, आणि मी उत्तर दिलं तीन मॅनिफेस्टेशनवरून.

२२ जुलैला कार्यकारिणीकडे अर्ज दिला. २५ ऑगस्टच्या सभेत तो ऐनवेळच्या विषयात आला, रात्रीचे साडेआठ झालेले, सगळ्यांना घरी जायची घाई. कोषाध्यक्षांनी विचारलं की यातून अनुदान वाढेल का. मी म्हटलं नाही वाढणार, पण आपण विकत घेतलेलं पुस्तक वाचकाला भेटेल. २०,००० रुपये मंजूर झाले, अट एकच की दाखल नोंदवहीला हात लावायचा नाही कारण तपासणीला तीच लागते. ही अट बरोबरच होती, तुम्हीही पाळा. काहीही बदला, दाखल क्रमांक बदलू नका. ठरावाची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या आणि जावक क्रमांक टाकून फाईलला लावा, मला ती पुढे दोनदा दाखवावी लागली.

मग सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीकडे पूर्ण डेटा एक्स्पोर्ट करायची परवानगी मागितली. पोळ्याच्या दिवशी, २ सप्टेंबरला, लेटरहेडवर पत्र दिलं, उत्तर आलं २१ तारखेला. एकोणीस दिवस. मधे चार फोन, दरवेळी वेगळा माणूस. डेटा आपला असतो हे करारात लिहिलेलं असतं, ते कलम शोधून पत्रात टाका म्हणजे वेळ वाचेल. एक्स्टर्नल हार्डडिस्कला तीन कोटेशन लागली, ४,२०० ला आली. वाचनालयाच्या जुन्या कॉम्प्युटरला रॅम वाढवून घेतली, १,९००.

फाईल उघडली त्या दिवशी मात्र मी हादरले. सुमारे दोन हजार नोंदी वाचताच येत नव्हत्या, शीर्षकाच्या जागी नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. वीस वर्षांपूर्वीची डेटा एंट्री जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये झालेली, त्या फॉन्टशिवाय ते मराठी दिसतच नाही. कन्व्हर्टरने बरंच सुटलं पण रफार आणि जोडाक्षरं पुढेमागे झाली ती हातानेच नीट केली. आणि भाषेचा कोड, जो ००८ फील्डमध्ये ३५ ते ३७ या जागांवर असतो, तो जवळपास सगळ्या मराठी पुस्तकांना इंग्रजी पडलेला, कारण टेम्प्लेटमध्ये तेच आधीपासून होतं आणि कुणी बदललं नाही. त्यात गेल्या सहा वर्षांतल्या नोंदी माझ्याच हातच्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये हे काम सुरू असतानाच दसरा आला, १२ तारखेला. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणाऱ्यांपैकी काही जण दरवर्षी आमच्याकडेही डोकावतात. एक ताई अकोल्याहून आलेली, तिला बाबासाहेबांचं ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ बघायचं होतं, कॅटलॉगमध्ये ते नाहीच. पण पुस्तक आमच्याकडे होतं! महाराष्ट्र शासनाने इंग्रजीत काढलेल्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या पहिल्या खंडात ते आहे, १९७९ चा खंड, आणि नोंद फक्त खंडाच्या नावाने. यावेळी मला माहीत होतं म्हणून मी उठून तो खंड काढून दिला, ती दोन तास तिथेच बसून टिपणं काढत होती. त्या रात्री मी वहीत लिहिलं की एका पुठ्ठ्यात अनेक कृती असतात आणि त्या प्रत्येकीला स्वतःची नोंद मिळाली पाहिजे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’चंही तसंच. १९५७ ची मूळ इंग्रजी आवृत्ती, भदंत आनंद कौसल्यायन यांचा हिंदी अनुवाद, मराठी अनुवाद, आणि शासनाच्या मालिकेतला अकरावा खंड, हे सगळं आमच्या कॅटलॉगमध्ये एकमेकांना न ओळखता बसलेलं होतं. नागपुरात हे पुस्तक लोक तिन्ही भाषांत मागतात. म्हणून मेघदूतानंतर लगेच हेच करायला घेतलं.

दिवाळीनंतर दोन विद्यार्थी जोडून घेतले, एक मुलगा एक मुलगी, दोघंही ग्रंथालयशास्त्राचे. महिना २,५०० मानधन, तीन महिने.

सगळ्यात आधी आम्ही लायब्ररी ऑफ काँग्रेसचं मोफत कन्व्हर्टर चालवून पाहिलं, जे मार्कचं बिबफ्रेम करतं. बिबफ्रेम म्हणजे मार्कची जागा घ्यावी म्हणून त्यांनीच आणलेलं मॉडेल, त्यात चारऐवजी तीन पायऱ्या आहेत, वर्क, इन्स्टन्स, आयटम. कमांड चालली, फाईल तयार झाली, आम्ही खुश. मग मेघदूत शोधलं तर नऊ नोंदींची नऊ वर्क! कन्व्हर्टर प्रत्येक नोंदीमागे एक वर्क बनवतं, कोणती दोन वर्क एकच आहेत हे त्याला कळायचा मार्गच नाही, आपण कुठे सांगितलंय? फॉरमॅट बदलला म्हणजे संबंध तयार झाले असं होत नाही. इथे आमचे तीन आठवडे गेले, तुमचे जाऊ नयेत. आधी जुळणी, मग रूपांतर.

जुळणीसाठी ओपनरिफाइन वापरलं. मोफत आहे, आपल्याच मशीनवर ब्राउझरमध्ये चालतं, फक्त मेमरीची मर्यादा सेटिंगच्या फाईलमध्ये वाढवून घ्या नाहीतर इतक्या नोंदींना अडकतं. त्यात सारखी दिसणारी नावं गटाने समोर येतात आणि एकत्र करायची का ते आपण ठरवायचं. कालिदास आमच्याकडे सात प्रकारे होता – ‘कालिदास’, ‘महाकवि कालिदास’, ‘महाकवी कालिदास’, ‘कवि कुलगुरु कालिदास’, असं करत. मराठीत याच्या आधी एक पायरी लागते जी मला कुठेच लिहिलेली सापडली नाही. ‘ऱ्या’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतं आणि ‘अॅ’सुद्धा, डोळ्यांना सारखंच दिसतं पण मशीनला वेगळं. ‘वाऱ्यावर’ शोधलं आणि पुस्तक सापडलं नाही तर आधी हे तपासा. दुसरं म्हणजे १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं. त्यांच्यावर न उच्चारलेले अनुस्वार असतात, ‘महाराष्ट्रांतील’ वगैरे. २४५ मध्ये पुस्तकावर आहे तसंच ठेवायचं, ते बदलायचा आपल्याला हक्क नाही, जुळणीसाठी शेजारी वेगळा कॉलम करून त्यात आजचं रूप लिहायचं.

टोपणनावांचा वेगळाच दिवस गेला. नाटकं वि. वा. शिरवाडकर आणि कविता कुसुमाग्रज, माणूस एकच. गडकऱ्यांचं तर नाटकाला राम गणेश गडकरी, कवितेला गोविंदाग्रज, विनोदी लेखनाला बाळकराम. ते गेले आपल्या सावनेरला, १९१९ मध्ये, आणि त्याच जिल्ह्यातल्या वाचनालयात ते तीन वेगळे लेखक म्हणून होते! ग्रेस आणि माणिक गोडघाटे हेही दोन. तिघांचंही आम्ही नावाच्या अधिकृत नोंदी करून नीट केलं, आता कुठल्याही नावाने शोधा, दुसरं नाव दिसतं.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, मुख्य काम सुरू झालं. एक नोंद जवळून दाखवते. आधी असं होतं : १०० मध्ये ‘शेळके, शांता’, २४५ मध्ये ‘मेघदूत / अनु. शांता शेळके’. संपलं. कालिदास कुठेच नाही. आता असं आहे : १०० मध्ये कालिदास, २४० मध्ये एकरूप शीर्षक, म्हणजे कृतीच्या सगळ्या रूपांना समान नाव, ‘मेघदूत’ आणि पुढे भाषा मराठी, २४५ जसंच्या तसं, ०४१ मध्ये मराठीसाठी ‘मार’ (mar) आणि मूळ संस्कृतसाठी ‘सॅन’ (san) हे कोड आणि हे भाषांतर आहे असं सांगणारा पहिला इंडिकेटर (फील्डला जोडलेला खुणेचा अंक) एक, ७०० मध्ये शेळके आणि त्यांची भूमिका अनुवादक. शिवाय ९ ने सुरू होणारी फील्ड स्थानिक वापराला मोकळी असतात, तिथे आमचा कृती क्रमांक, एका कृतीच्या सगळ्या नोंदींना एकच. अनुवादकाला लेखकाच्या जागी बसवलेल्या नोंदी शोधायला सोपी युक्ती सांगते, २४५ च्या सबफील्ड सी मध्ये, म्हणजे शीर्षकापुढे नावं येतात त्या भागात, ‘अनु.’, ‘भाषांतर’, ‘रूपांतर’ हे शब्द फिल्टर करा. आमच्याकडे ७४० निघाल्या.

पण मशीन जोड्या सुचवतं, निर्णय देत नाही. ‘सावित्री’ नावाची दोन पुस्तकं त्याने एकत्र आणली, एक श्री अरविंदांचं महाकाव्य आणि एक पु. शि. रेग्यांची कादंबरी. ‘निवडक कविता’ तर विचारूच नका. उलट ‘भावार्थदीपिका’ आणि ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ त्याला कधीच एक वाटणार नाहीत. अक्षरांच्या फरकावरून जुळवायची जी पद्धत आहे ती मराठीच्या छोट्या शीर्षकांना लावू नका, ‘माती’ आणि ‘मोती’ एका गटात येतात.

आणि काही प्रश्न तर वाचल्याशिवाय सुटत नाहीत. अण्णासाहेब किर्लोस्करांचं १८८० चं संगीत शाकुंतल, हे कालिदासाच्या नाटकाचं मराठी रूप धरायचं की स्वतंत्र कृती? मॉडेलचा नियम असा की भाषांतर झालं तर कृती तीच, रूपांतर झालं तर नवी. यावर मी आणि आमचे एक सभासद, मराठीचे निवृत्त प्राध्यापक, दोन संध्याकाळी बोलत बसलो. सर म्हणाले, ‘पदं घातली, रंगभूमी बदलली, लोक ते किर्लोस्करांचं म्हणून बघायला गेले.’ आम्ही स्वतंत्र कृती धरली आणि ‘आधारित’ असा संबंध जोडला. दुसरं ग्रंथालय वेगळं ठरवेल, चालेल, पण आपण काय ठरवलं आणि का ते तारखेसह लिहून ठेवा. आमची ती शंभर पानी वही आता सगळ्यात मोलाची वस्तू आहे. ‘श्यामची आई’ सोपं गेलं, साने गुरुजींचं पुस्तक एक कृती, अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट दुसरी, दोघांत संबंध.

फेब्रुवारीत मोठी चूक झाली, माझ्याकडून. सुधारलेल्या नोंदी परत कोहात चढवताना ९९९ मधला नोंद क्रमांक जुळवून जुन्यावर नवी बसवायची असते. मी प्रतींबाबतचा पर्याय न बघता पुढे गेले आणि ९५२ मधल्या प्रती पुन्हा जोडल्या गेल्या, प्रत्येक पुस्तकाच्या दुप्पट प्रती. हातपाय गार पडले. नशिबाने ते टेस्ट सर्व्हरवर होतं. एक्स्पोर्ट करतानाच प्रती वगळायची टिक करा, चढवताना ‘प्रती दुर्लक्षित करा’ निवडा, आणि आधी फक्त दहा नोंदी चढवून बघा. चालू सर्व्हरवर थेट प्रयोग करू नका, कुणी कितीही घाई करो.

मार्च ते मे आम्ही शेल्फवर होतो. शंका आली की पुस्तक काढायचं, आतलं नावाचं पान आणि त्याची मागची बाजू बघायची, मूळ शीर्षक बहुतेक वेळा तिथेच असतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, १९७० पासूनचा, त्यामुळे आमच्या जुन्या कपाटांना त्याचा उपयोग नव्हता. मे महिन्यात दुपारी कूलरसुद्धा गरम हवा टाकत होता म्हणून सकाळी सात ते अकरा काम करायचो, मधे खालच्या टपरीवरून तर्री पोहे. मेघदूताच्या एका प्रतीचं नावाचं पानच नव्हतं, बाइंडिंगवाल्याने जुनं खराब पान काढून टाकलेलं, नोंदीत लेखक ‘अज्ञात’. ती विद्यार्थिनी दोन सकाळी ती प्रत मांडीवर घेऊन बसली आणि आमच्याकडच्या प्रत्येक अनुवादाशी पहिले चार श्लोक ताडून पाहत गेली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ओरडली, ‘मॅडम, भेटलं! शब्द न् शब्द सेम आहे.’ कुसुमाग्रजांचा अनुवाद होता. शेल्फवर आम्ही दोघीच होतो पण खाली वाचनकक्षातली माणसं वर बघायला लागली.

शेवटचा आकडा असा की १८,४१२ नोंदींमधून १६,०९३ कृती निघाल्या, आणि त्यातल्या फक्त १,१२० कृतींना एकापेक्षा जास्त नोंदी आहेत. म्हणजे बहुतेक पुस्तकं एकटीच असतात, त्यांना आपोआप क्रमांक देऊन मोकळं व्हा. जीव लावायचा तो या हजारभरांना, अनुवाद, संतसाहित्य, नाटकं, समग्र खंड. सगळा कॅटलॉग डोळ्यासमोर आणून घाबरू नका, एका लेखकापासून सुरुवात करा. खर्च एकूण २१,७४० झाला, विद्यार्थ्यांचे १५,०००, बाकी डिस्क, रॅम आणि ६४० रुपये झेरॉक्स. वरचे १,७४० पुढच्या सभेत मंजूर व्हायचेत. कृती क्रमांकावर शोध चालावा म्हणून कंपनीला पुन्हा पत्र द्यावं लागलं, त्याला अजून सव्वीस दिवस.

नवा शोध १९ जूनला सुरू झाला. काकांचा नंबर माझ्याकडे नव्हता, पण रामटेकच्या एका वाचकाकरवी निरोप पाठवला. २६ जूनला, यंदाच्या आषाढाच्या पहिल्या दिवशी, ते आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. वर ‘मेघदूत, कालिदास’, खाली संस्कृत, मराठी, इंग्रजी अशी रूपं, एका पुस्तकात मल्लिनाथाची संजीवनी टीका तीही वेगळी जोडलेली, आणि प्रत्येकासमोर प्रत आहे की बाहेर गेलीय ते. ते चष्मा काढून जवळून वाचत होते. मग म्हणाले, ‘हे दोन द्या, शेजारी ठेवून वाचतो.’ एक शांताबाईंचं आणि एक ते नावाचं पान नसलेलं. त्या प्रतीत मी आता दुसऱ्या प्रतीवरून नावाच्या पानाची झेरॉक्स लावून घेतलीय.